ध्येयाचा ताळेबंद नव्हे, रोजमेळ हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इतवारीतील एका धान्य व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेबाचे काम पाहणारे ३१ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात की, सीए इंटरमीजिएटचा, म्हणजे सनदी लेखापाल होण्याच्या मधल्या टप्प्यावरील परीक्षेचा, पहिला गट उत्तीर्ण होऊन चार वर्षे झाली, दुसरा गट मात्र तीन प्रयत्नांनंतरही राहिलेलाच आहे. दर जानेवारीत ते ध्येय लिहून काढतात, तो कागद भिंतीवर लावतात, प्रेरणादायी व्याख्यानांचे व्हिडिओ पाहतात, आणि फेब्रुवारी अर्धा उलटेपर्यंत अभ्यास थांबलेला असतो. त्यांचे स्वतःचे शब्द असे : “मॅडम, अभ्यास करून राहिलो, पण गाडी पुढे सरकून नाही राहिली.” ध्येय ठरवण्याची कोणती पद्धत खरोखर उपयोगी पडते आणि प्रेरणा टिकवायची कशी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी नागपुरात २२ वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. त्यातील निम्मा काळ स्पर्धा परीक्षांच्या आणि व्यावसायिक परीक्षांच्या विद्यार्थ्यांसोबत गेला, उरलेला हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील कामगार आणि पर्यवेक्षकांसोबत. या अनुभवावरून आणि या विषयावर झालेल्या संशोधनावरून माझे मत असे बनले आहे की, प्रेरणा ही कामाच्या आधी साठवून ठेवण्याची वस्तू नाही. काम पुढे सरकलेले डोळ्यांना दिसले की ती तयार होते. तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. तुम्ही ध्येयाचा ताळेबंद वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवता, पण रोजमेळ लिहीत नाही. रोजच्या नोंदीच नाहीत, तर मार्चअखेर कोणता आकडा जुळणार?

आधी पद्धतींविषयी लिहिते, कारण तुमचा पहिला प्रश्न त्यासंबंधी आहे. ध्येयाचा माणसाच्या कामावर काय परिणाम होतो, याचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी केला. लॉक यांचा मूळ निबंध १९६८ सालचा आहे. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की, ‘जमेल तेवढे चांगले कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय दिले, तर माणूस अधिक काम करतो. लॅथम यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला विशेष बोलका वाटतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने मान्य असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच माल भरत असत. चालकांना पूर्वी ‘शक्य तितका माल भरा’ असेच सांगितलेले होते. मग त्यांच्यापुढे ९४ टक्क्यांचे नेमके ध्येय ठेवले. त्यासाठी बक्षीस नव्हते आणि ते गाठता आले नाही तर शिक्षाही नव्हती. पहिल्या महिन्यात भार ८० टक्क्यांपर्यंत गेला, दुसऱ्या महिन्यात ७० पर्यंत खाली आला, कारण ध्येय गाठले नाही तर खरोखरच कोणी काही करत नाही ना, हे चालक अजमावून पाहत होते. त्यानंतर भार ९० टक्क्यांवर गेला आणि पुढे अनेक महिने तिथेच राहिला.

या प्रयोगातून लोक फक्त ‘मोठे ध्येय ठेवा’ एवढेच उचलतात, आणि तिथे घोटाळा होतो. त्या चालकांना ट्रकमध्ये माल कसा भरायचा हे आधीपासून येत होते, आणि प्रत्येक खेपेचे वजन त्यांना कळत होते. कौशल्य हातात होते आणि परिणाम दर खेपेला समोर येत होता. या दोन गोष्टी नसतील तर अवघड ध्येय उलट अडथळा ठरते. काम नवे असेल, मार्ग माहीत नसेल, तेव्हा निकालाचे ध्येय मनावर ओझे टाकते, आणि अशा वेळी शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते, असे लॅथम यांनीच पुढे इतर सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले आहे.

तुमच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. तुम्ही लिहिले आहे की तिन्ही वेळा कॉस्टिंगच्या, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या, पेपरने घात केला आणि ऑडिटमध्ये मात्र अडचण नव्हती. तरीही तुमच्या भिंतीवरील कागदावर एकच आकडा आहे : तीनशेपैकी १८०. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० आणि गटात एकूण निम्मे, म्हणजे १५० गुण लागतात, म्हणून तुम्ही थोडी राखीव जागा ठेवून १८० लिहिले, हे मला समजते. ऑडिटसाठी असा आकडा चालेल, कारण तिथे काय वाचायचे आणि कसे लिहायचे हे तुम्हाला माहीत आहे. कॉस्टिंगसाठी तो काढून टाका. तिथे पुढील सहा आठवड्यांचे ध्येय असे असावे की, प्रश्न वाचल्यावर तो कोणत्या पद्धतीने सोडवायचा हे कारणासह एका ओळीत लिहिता आले पाहिजे. उत्तर पूर्ण आले की नाही, हा त्यानंतरचा भाग. तुमच्यासारख्या अनेकांच्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांत आकडेमोड बहुधा बरोबर असते; चुकते ते प्रश्नाची जात ओळखण्यात.

‘स्मार्ट’ पद्धत, म्हणजे या शब्दाच्या पाच इंग्रजी अक्षरांनुसार ध्येय नेमके, मोजता येणारे आणि मुदतीचे लिहिणे, तुम्ही वापरून पाहिली आहे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक नियतकालिकात ती मांडली, आणि ती व्यवस्थापकांसाठी होती. त्यातील ‘ए’ या अक्षराचा त्यांचा अर्थ ‘गाठता येण्याजोगे’ असा नव्हता. हे काम कोणाकडे सोपवले आहे ते स्पष्ट असावे, असा होता. कार्यालयात कामाची वाटणी करताना ही चौकट चांगली आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्या माणसाला ती ध्येयाचे वाक्य नीट लिहायला शिकवते आणि तिथेच सोडून देते. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडलेली उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना काय, किंवा इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेलेली उद्दिष्टे आणि प्रमुख निष्पत्तींची पद्धत काय, या साऱ्या संस्थांमधून आलेल्या आहेत, जिथे आठवड्याला कोणीतरी वरिष्ठ येऊन विचारतो. तुम्हाला विचारणारे कोणी नाही. म्हणून पद्धत बदलून फारसा फरक पडला नाही, आणि पुढेही पडणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण शहरातील जवळजवळ प्रत्येक प्रेरणा शिबिरात ती मी ऐकली आहे. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या वर्गातील ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या सर्वांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, अशी ती कथा आहे. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. शोध घेणाऱ्यांना त्याचा कुठेही मागमूस लागला नाही. ध्येय कागदावर लिहिले की निम्मे काम झाले, हा समज या कथेने आपल्याकडेही घट्ट केला, आणि प्रामाणिक मुले वर्षानुवर्षे केवळ कागद लिहीत राहिली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. यासाठी मला अल्बर्ट बांदुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग थोडा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण माझ्या कामाची दिशाच त्याने बदलली. गणितात मागे पडलेली आणि गणिताचा कंटाळा करणारी, साधारण सात ते दहा वर्षांची मुले त्यांनी घेतली. वजाबाकीची ४२ पाने सात बैठकींत सोडवायची होती. काही मुलांना सांगितले की रोज सहा पाने करा. काहींना सांगितले की सात बैठकींच्या शेवटी ४२ पाने पूर्ण झाली पाहिजेत. काहींना कोणतेही ध्येय दिले नाही. हिशेब केला तर पहिल्या दोन गटांचे काम तंतोतंत सारखे आहे, कारण सहा गुणिले सात बेचाळीसच होतात. तरीही रोज सहा पानांचे ध्येय मिळालेली मुले वजाबाकीत स्पष्टपणे पुढे गेली, ‘मला हे जमते’ हा त्यांचा विश्वास वाढला, आणि नंतर काय करायचे ते मोकळेपणाने निवडू दिले तेव्हा त्यांनीच आपणहून अधिक वजाबाक्या सोडवल्या. फक्त ४२ पानांचे दूरचे ध्येय मिळालेली मुले ध्येय न मिळालेल्या मुलांपेक्षा काही वेगळी दिसली नाहीत.

ज्या मुलांना वजाबाकी आवडत नव्हती, त्यांना ती आवडू लागली. आवड आधी नव्हती; प्रत्येक बैठकीच्या शेवटी ‘आजचे झाले’ असे म्हणता आल्यामुळे ती निर्माण झाली. तुमचे १८० गुण म्हणजे ती ४२ पाने आहेत. जानेवारीत लिहिलेला आकडा मे महिन्यातील परीक्षेपर्यंत रोज सकाळी तुम्हाला एवढेच सांगत असतो की अजून पोहोचलेला नाहीत. शंभर दिवस कोणी आपल्याला नाही म्हणत राहिले, तर त्या घरी आपण जाणे सोडतो.

एका मुलीची वही आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती मानेवाड्याहून सायकलने येत असे आणि तिचा पदवीचा एकच विषय तीन वर्षे राहिला होता. आम्ही चौकटींची साधी गणिताची वही घेतली. सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी एक चौकोन; स्वतः सुटला तर निळा, उत्तर बघून सुटला तर पेन्सिलीने करडा. तास लिहायचे नाहीत, असा माझा आग्रह होता, कारण तास पुस्तकासमोर बसूनही भरतात. तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा बसण्याआधीच तिने वही उघडून माझ्यासमोर धरली. डावीकडचे पान जवळजवळ करडे होते. उजव्या पानावर निळे चौकोन खालून वर चढत गेले होते, आणि त्यांच्या कडेला तिने कोणी न सांगता बारीक अक्षरांत प्रकरणांची नावे लिहिली होती. त्या दिवशी प्रेरणेबद्दल तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. प्रगतीची नोंद ठेवण्याच्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातूनही हेच दिसते की नोंद ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते. ही नोंद प्रत्यक्ष लिहिलेली असेल किंवा कोणाला दाखवली जात असेल, तर परिणाम आणखी चांगला होतो.

तुम्ही पाहता त्या प्रेरणादायी व्हिडिओंनाही लागू पडेल असा एक प्रयोग आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटे व्यायाम करण्यास सांगण्यात आले. एका गटाला हृदयविकार आणि व्यायामाचे फायदे यांविषयी प्रेरणा देणारा मजकूर वाचायला दिला. त्यांचा निर्धार खरोखर वाढला, पण प्रत्यक्ष व्यायाम ३५ टक्क्यांनीच केला. काहीही न दिलेल्या गटात हेच प्रमाण ३८ टक्के होते. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला आणि शिवाय ‘अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन’ एवढे एक वाक्य भरून घेतले. त्यांपैकी ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. ‘जर अमुक वेळ आली, तर मी अमुक करीन’ या धर्तीच्या अशा ‘जर–तर’ वाक्यांचा अभ्यास मुख्यतः पीटर गोलविट्झर यांनी केला, आणि २००६ मधील ९४ अभ्यासांच्या आढाव्यातही त्यांचा परिणाम चांगल्यापैकी मोठा दिसून आला. वेळ आणि जागा आधीच ठरलेली असली की त्या क्षणी मनाशी वाटाघाट करावी लागत नाही. व्हिडिओ पाहून तुमचा निर्धार वाढतो हे खोटे नाही. पण तुमच्याकडे निर्धाराची उणीव कधीच नव्हती.

तुमच्या जीवनक्रमात ही वाक्ये कशी बसतील ते पाहू. तुमच्या पेढीत दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर–१ आणि २० तारखेपर्यंत ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरावी लागतात, आणि सात तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, भरायचा असतो. म्हणजे पाच ते अकरा आणि अठरा ते वीस या तारखांना तुम्ही रात्री उशिरा घरी येणार, हे वर्षाच्या बाराही महिन्यांत ठरलेले आहे. तरीही तुमच्या वेळापत्रकात महिन्याचे तीसही दिवस रात्री साडेनऊ ते साडेबारा अभ्यास लिहिलेला आहे. हे वेळापत्रक पाच तारखेला मोडते आणि त्याचा दोष तुम्ही स्वतःच्या आळसाला देता. तुम्ही आळशी नाही. अंदाजपत्रकच चुकलेले आहे. पेढी साडेदहाला उघडते, म्हणून सकाळचे सहा ते आठ घ्या, आणि ते घरी नव्हे तर घराजवळच्या अभ्यासिकेत. मग वाक्य असे लिहा : ‘सकाळी पावणेसहाला चहाचा कप धुऊन ठेवला की मी गाडीची किल्ली घेईन आणि अभ्यासिकेत जाऊन आधी कॉस्टिंगचे दोन प्रश्न सोडवीन.’ दुसरे वाक्य अडचणीच्या दिवसांसाठी : ‘आदल्या रात्री घरी यायला साडेनऊ वाजून गेले, तर सकाळी फक्त ऑडिटचे एक प्रकरण वाचीन.’ अडचणीचे वाक्य आधी लिहून ठेवणे याला कमीपणा समजू नका. गॅब्रिएल ओएटिंगेन यांच्या अभ्यासात, नोकरीच्या शोधात असलेल्या ज्या पदवीधरांनी यशाची गोड चित्रे मनात जास्त रंगवली, त्यांनी दोन वर्षांत कमी अर्ज केले आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या. हवे ते चित्र आणि वाटेतील अडथळा, दोन्ही शेजारी ठेवून पाहणाऱ्यांचे काम पुढे जाते, असे त्यांच्या पुढील संशोधनातून दिसते.

आकड्यांच्या ध्येयाचा धोका मी स्वतःच्या चुकीतून शिकले. हिंगण्यातील एका कारखान्यात सल्लागार असताना, नाकारल्या जाणाऱ्या भागांचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे ध्येय मी प्रत्येक पाळीला सुचवले. दोन महिन्यांत आकडा खरोखर निम्म्यावर आला. तिसऱ्या महिन्यात यंत्रांच्या मागच्या बाजूला, गोणपाटाखाली, सदोष भागांचा ढीग सापडला. कामगारांना दोष देण्यात अर्थ नव्हता. दोष का निर्माण होतो हे शोधण्याचा वेळ त्यांना कोणी दिला नव्हता, फक्त आकडा दिला होता, आणि तो मी दिला होता. अभ्यासातही हेच घडते. ‘रोज वीस प्रश्न’ असे ध्येय ठेवले की हात आपोआप सोप्या प्रश्नांकडे वळतो. म्हणून वहीत निळ्या आणि करड्याचा भेद ठेवा, आणि करड्या चौकोनाला वाईट समजू नका. पहिल्या महिन्यात पान करडेच असायला हवे.

आता एक नाजूक प्रश्न, ज्याचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत केला आहे : “बाबांची फार इच्छा आहे.” एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणसाचे कष्ट टिकतात ते तीन गोष्टींवर : हे मी निवडले आहे ही भावना, हे मला जमते ही भावना, आणि आपल्या माणसांशी असलेला जिव्हाळा. बाबांची इच्छा तिसऱ्या गोष्टीत बसू शकते, ती पहिल्या गोष्टीची जागा घेऊ शकत नाही. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते आणि म्हणाले, “झाडाले ताण देल्याशिवाय बहार येत नाही ना जी.” ताण म्हणजे झाडाचे पाणी काही दिवस तोडणे. मी त्यांना विचारले की आंबिया बहारासाठी ताण किती दिवस देता. जमीन पाहून, हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त, असे ते म्हणाले. आणि ताण तोडला की पाणी आणि खत वेळेवर लागते, नाही तर झाड खचते. मुलाच्या बाबतीत ताण किती वर्षे चालला आहे, असे मी विचारल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तुमच्या वडिलांशी बोलण्याआधी तुम्ही स्वतः एका कागदावर लिहा की, सीए झाल्यावर तुमच्या रोजच्या कामात नेमके काय बदलावे असे तुम्हाला वाटते. त्यात बाबांचा किंवा प्रतिष्ठेचा उल्लेख न करता तीन वाक्ये लिहिता आली, तर ध्येय तुमचेच आहे. आली नाहीत, तर अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी तो विषय सोडवावा लागेल.

नव्या वेळापत्रकात खाडे पडतील. सवय २१ दिवसांत लागते हा समज सोडून द्या. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस होता, आणि व्यक्तीनुसार १८ पासून २५४ दिवसांपर्यंत अंतर होते. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. २२ व्या दिवशी सकाळी उठणे जड गेले म्हणून पद्धत फसली, असा निष्कर्ष काढू नका.

मात्र एक गोष्ट गांभीर्याने घ्या. झोप सलग दोन आठवडे बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातही मन रमत नसेल, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे वाटत असेल, तर तो ध्येयाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यास विलंब करू नये.

ध्येय कधी सोडावे हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते आजच ठरवून ठेवावे असे मला वाटते, कारण निकालाच्या दिवशी कोणाचीही बुद्धी स्थिर नसते. सीए इंटरमीजिएट आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. येत्या दोन प्रयत्नांचीच मुदत घ्या, आणि दुसऱ्या निकालानंतरच्या रविवारी वही, गुणपत्रिका आणि ती तीन वाक्ये समोर ठेवून बसा. कॉस्टिंगचे गुण ४० च्या खालीच असतील पण वहीत निळे चौकोन वाढत गेले असतील, तर आणखी एक प्रयत्न योग्य आहे. वहीच रिकामी असेल, तर प्रयत्नांची संख्या वाढवून उपयोग नाही. लेखापालनातील तुमच्या नऊ वर्षांच्या अनुभवावर दुसरी कोणती वाट उभी राहू शकते, याविषयी आपण त्या दिवशी बोलू. तोपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी वहीच्या दोन पानांचे छायाचित्र मला पाठवत जा. पहिले छायाचित्र पाठवताना पाच ते अकरा तारखेचे पानही त्यात असू द्या, ते कोरे असले तरी.